सोशिकतेचे गुणदान

परवा बोळिंजच्या घरी उत्तरपत्रिका तपासत होतो. प्रश्न 'स्मृतिचित्रे'वर होता आणि उत्तर बहुतेकांचे एकच : लक्ष्मीबाई टिळक सोशिक होत्या, हसतमुख होत्या, म्हणून आदर्श होत्या. मी गुण देत गेलो. दोष मुलांचा कसा म्हणावा? वर्गात आम्ही प्राध्यापक हेच सांगतो.

हे वाचन चुकीचे आहे. निरुपद्रवी तर मुळीच नाही.

माहेरी वडिलांचे सोवळे असे की बाजारातून आलेली वस्तूही धुऊन घ्यायची. १८८० साली, अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, तापट, हाती आलेला पैसा वाटून टाकणारा, न सांगता घर सोडून जाणारा. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तोही बाईंना विश्वासात न घेता. हे सारे लक्ष्मीबाई हसत सांगतात, खरे. पण त्या सोवळ्याची हकिगत नीट वाचावी. त्या हशात क्षमा आहे, तशी जबानीही आहे. कोण कसे वागले आणि त्याची किंमत कोणी मोजली, यातले काहीही बाई गाळत नाहीत. सोशिक माणूस गप्प बसतो. या बाईंनी चार भाग लिहिले! आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्यामागून फरफटत नव्हे. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, ही स्वतःची खात्री पटल्यावर. ज्या निर्णयात त्यांना कोणी विचारले नव्हते, तो त्यांनी आपल्या बुद्धीने नव्याने घेतला. याला सोसणे म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

हसतमुखपणाचा उपदेश नेहमी वरून खाली येतो. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या, सुट्टीत मानधन नसलेल्या अध्यापकांनाही 'सकारात्मक दृष्टिकोना'वर व्याख्यान ऐकवले जाते. अशाच एका व्याख्यानानंतर चहाच्या वेळी आमच्या एका सहकारी बाईंनी वक्त्यांची अशी हुबेहूब नक्कल केली की सारी खोली खदखदून हसली. चहा संपताच त्यांनी पर्समधून कागद काढला, थकलेल्या मानधनाचा अर्ज लिहिला आणि आम्हा कायम नोकरीवाल्यांपुढे सह्यांसाठी ठेवला.

हसणारे पुष्कळ होतो. सह्या चारच झाल्या.