तीन गायब पिचर

आयटीत पाच-सहा वर्षं काढलेल्या माणसाला एकदा तरी कोणीतरी 'मनीबॉल' बघायला सांगितलेला असतो. सांगणारा शक्यतो मॅनेजर असतो आणि वेळ शक्यतो अप्रेझलच्या आसपासची असते. मला आत्तापर्यंत तिघांनी सांगितला. तिसऱ्याने तर टाउनहॉलमध्ये क्लिपच लावली, ब्रॅड पिट म्हाताऱ्या स्काउट लोकांना झापतोय ती. पुढच्या स्लाइडवर लिहिलेलं : आपण यांकीज नाही, आपण ओकलंड आहोत. त्याच्या पुढच्या महिन्यात आमच्या नऊ जणांच्या टीममधले तिघे दुसरीकडे हलवले गेले आणि त्यांच्या जागा भरायच्या नाहीत असं ठरलं. काम तेवढंच. कंपनीचं नाव घेत नाही. घ्यायची गरजही नाही, तुमच्याकडेही हेच झालं असणार :)

माझा राग त्या तीन जागांवर आहेच, पण त्याहून जास्त त्या स्लाइडवर आहे. कारण ती खोटी आहे. मी हट्टाने ओकलंडचा 2002 चा सीझन वाचून काढला, आकडे पाहिले, आणि मंडळी, आपल्याला जे सांगितलं जातं ते त्या सीझनमध्ये घडलेलंच नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट. ओकलंड अॅथलेटिक्स, म्हणजे 'एज्' (हे कॅलिफोर्नियातलं ओकलंड, न्यूझीलंडचं ऑकलंड नव्हे). 2001 मध्ये या टीमने 162 पैकी 102 मॅच जिंकल्या आणि प्लेऑफमध्ये यांकीजकडून हरली. त्यानंतर जेसन जिआम्बी यांकीजकडे गेला, सात वर्षांचे 12 कोटी डॉलर घेऊन. जॉनी डेमन बॉस्टनला गेला, क्लोजर इझ्रिंगहाउझेन सेंट लुईसला. जनरल मॅनेजर बिली बीन याच्याकडे पगाराला जेमतेम 4 कोटी डॉलर, यांकीजकडे साडेबारा कोटींच्या आसपास. मग बीनने स्प्रेडशीट उघडली, कोणाला नको असलेले खेळाडू स्वस्तात गोळा केले, ओळीने 20 मॅच जिंकल्या, आणि सीझन संपला तेव्हा 103 विजय. यांकीजचेही बरोबर 103. तिप्पट पैसे टाकून तेवढेच. मायकेल लुईसने 2003 मध्ये पुस्तक लिहिलं, 2011 मध्ये सिनेमा आला, आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक खर्चकपात करणारा माणूस स्वतःला बिली बीन समजतो.

आता आकडे.

2001 मध्ये या टीमने 884 रन काढले होते. 2002 मध्ये काढले 800. म्हणजे जिआम्बी-डेमन गेल्यावर बॅटिंग सुधारली नाही, चक्क 84 रनांनी घसरली. अमेरिकन लीगच्या 14 टीममध्ये ही बॅटिंग मधल्या फळीतली. हे बघितल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो साधा होता : मग जिंकले कसे?

जिंकले बोलिंगवर. लीगमध्ये सर्वात कमी ईआरए, म्हणजे पिचरांनी नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन, याच टीमचा : 3.68. आणि ही बोलिंग होती तीन पोरांची. बॅरी झीटो, 23 विजय 5 पराभव, त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार (लीगमधला सर्वोत्तम पिचर). मार्क मुल्डर, 19 आणि 7. टिम हडसन, 15 आणि 9. तिघांचे मिळून 57 विजय. बेसबॉलमध्ये स्टार्टिंग पिचर म्हणजे आपला ओपनिंग बोलर नव्हे, तो एकटाच एका बाजूने सहा-सात इनिंग टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. टीमने अख्ख्या वर्षात टाकलेल्या इनिंगपैकी पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त या तिघांनी टाकल्या. बुमराला तीन हात असते तर जे झालं असतं ते हे.

वर शॉर्टस्टॉपला मिगेल तेजादा. 34 होमरन, 131 आरबीआय, लीगचा एमव्हीपी. थर्ड बेसला एरिक चावेझ, त्याचेही 34 होमरन.

म्हणजे ज्या टीमला 'नाकारलेल्यांची टीम' म्हणून दाखवतात, तिच्यात त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम पिचर दोघेही होते! सिनेमात मात्र हे लोक नावापुरते. सगळा फोकस स्कॉट हॅटेबर्गवर. कोपराची नस दुखावल्यामुळे कॅचर म्हणून संपलेला, बॉस्टनने सोडलेला, ओकलंडने उचलून फर्स्ट बेसला उभा केलेला. चांगला खेळाडू, प्रश्नच नाही. 15 होमरन आणि .374 चं ऑन-बेस पर्सेंटेज. 4 सप्टेंबर 2002 ची विसावी मॅच त्यानेच जिंकून दिली. समोर कॅन्सस सिटी, त्या वर्षी शंभर मॅच हरलेली टीम. ओकलंड 11-0 पुढे. मग 11-11! पंचावन्न हजार लोक डोक्याला हात लावून बसलेले. आणि नवव्या इनिंगमध्ये बदली बॅट्समन म्हणून आलेल्या हॅटेबर्गने होमरन ठोकला. बघताना अंगावर काटा येतो, मलाही आला.

पण त्याच्या आधीच्या दोन मॅच? अठरावी आणि एकोणिसावी? दोन्ही शेवटच्या क्षणी जिंकल्या, एक तीन रनांच्या होमरनवर, दुसरी एका सिंगलवर. दोन्ही वेळा बॅट तेजादाच्या हातात. विसावी मॅच दाखवायची आणि अठरावी-एकोणिसावी गाळायची, याला मी तरी कथा सांगणं म्हणणार नाही. आमच्याकडे याला डेटा चेरी-पिक करणं म्हणतात आणि रिव्ह्यूमध्ये शिव्या पडतात.

आता खरा मुद्दा. हे पाचही जण एवढ्या मोठ्या तोडीचे, तर 4 कोटींत बसले कसे? बीनची हुशारी? थोडीफार. पण मुख्य कारण वेगळं आहे आणि ते कुठल्याच स्लाइडवर नसतं. अमेरिकन बेसबॉलचा नियम असा की पोराला ड्राफ्टमध्ये उचललं की तो कुठे खेळणार हे तो ठरवत नाही. मेजर लीगमध्ये आल्यावर सहा वर्षांची सर्व्हिस पूर्ण होईपर्यंत तो त्याच क्लबचा. पहिली साधारण तीन वर्षं पगार क्लब सांगेल तो, किमान वेतनाच्या आगेमागे (2002 मध्ये किमान वेतन होतं 2 लाख डॉलर). पुढची तीन वर्षं लवादाकडे जाऊन थोडा वाढवून मिळतो. सहा वर्षांनी मोकळा. काही जण मध्येच चार वर्षांचे वगैरे करार करतात, पण ते याच नियमाच्या सावलीत, याच दबावाखाली.

आणि तेव्हा ड्राफ्टमध्ये लवकर नंबर कोणाला मिळायचा? जो आदल्या वर्षी जास्त हरला त्याला. ओकलंड 1997 मध्ये 97 मॅच हरलं, म्हणून 1998 मध्ये दुसऱ्या नंबरवर मुल्डर मिळाला. 1998 मध्येही हरलं, म्हणून 1999 मध्ये नवव्या नंबरवर झीटो. चावेझ 1996 चा, दहावा नंबर. हडसन तेवढा सहाव्या फेरीतला, तिथे स्काउट लोकांना सलाम केलाच पाहिजे. हो, त्याच म्हाताऱ्या स्काउट लोकांना, ज्यांना सिनेमात झापलंय. तेजादा तर ड्राफ्टमधलाही नाही, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानीच्या गरीब घरातला पोरगा, किरकोळ रकमेत उचललेला.

म्हणजे 103 विजयांमागचं मोठं इंजिन बाजारात स्वस्तात सापडलेलं नव्हतं. ते स्वस्त होतं कारण त्याला बाजारात जायची परवानगीच नव्हती.

ओळखीचं वाटतंय? कॅम्पसमधून उचलायचं, बाँड लिहून घ्यायचा, पहिली दोन-तीन वर्षं साडेतीन लाखाच्या पॅकेजवर क्लायंटला पूर्ण दराने बिल करायचं, आणि पोरगा काम शिकून सोडतो म्हणाला की तीन महिन्यांची नोटीस दाखवायची. मग वर्षअखेरीस सांगायचं की आमचं मार्जिन आमच्या प्रोसेसमुळे आहे. अरे बाबांनो, मार्जिन त्या साडेतीन लाखात आहे! निदान बेसबॉलवाल्यांना युनियन आहे, सहा वर्षांनी मोकळं व्हायचा हक्क त्यांनी 1970 च्या दशकात भांडून मिळवलेला आहे. आपण काय मिळवलं? बीनबॅग.

यावर माझा एक मित्र, डेटा सायन्सवाला, नेहमी चिडतो. त्याचं म्हणणं, तू आयडियाच नाकारतोयस. मुळीच नाही. आयडिया अस्सल आहे. चार वाइट बॉल पडले की बॅट्समन फुकट फर्स्ट बेसवर जातो. जुने लोक त्याला खिजगणतीत धरत नसत, बॅटिंग अॅव्हरेजमध्ये तो येतही नाही. आउट न होता बेसवर पोचणं हीच मोठी गोष्ट, हे आकड्यांनी सिद्ध करून त्या गुणाचे खेळाडू इतरांआधी उचलणं ही कमाल होती. द्रविडचं मोल स्ट्राइक रेटवर ठरवणाऱ्या लोकांशी ज्याने वाद घातलाय त्याला हे लगेच कळेल. पण त्या आयडियाने मिळवून दिलं काय, तर जिआम्बी गेल्याचा खड्डा थोडा बुजवला. 84 रन तरीही कमी पडले. खड्डा थोडा बुजवणं हे कौतुकाचं काम आहे, त्यावर सिनेमाही काढा, पण खड्डा खणणाऱ्याचा सत्कार कशाला?

आणि आयडियाची खरी परीक्षा दुसरीकडे झालीच की. 2002 च्या शेवटी बॉस्टनने बीनला सव्वा कोटी डॉलरची ऑफर दिली, तो नाही म्हणाला. बॉस्टनने तेच विचार राबवले, सोबत पगारावर शंभर दशलक्षांहून जास्त डॉलरही ओतले, आणि 2004 मध्ये 86 वर्षांनी वर्ल्ड सीरिज जिंकली. ओकलंड? 2000, 2001, 2002, 2003, चारही वर्षं पहिल्याच फेरीत, चारही वेळा पाचव्या मॅचमध्ये बाद. 2002 ला मिनेसोटाकडून, तेही 2-1 अशी आघाडी असताना. लोक म्हणतात प्लेऑफ म्हणजे नशीब. असेल. पण चार-चार वर्षं दारापर्यंत पोचलेल्या टीमवर आणखी एका चांगल्या बॅट्समनचा पगार खर्च करावा असं मालकाला वाटलं नाही, ते नशीब नव्हतं.

पुढे काय झालं? 2003 संपल्यावर तेजादा बाल्टिमोरला गेला, सहा वर्षांचे 7 कोटी 20 लाख डॉलर. 2004 च्या डिसेंबरमध्ये हडसन आणि मुल्डर आठवड्याभराच्या आत विकले गेले. 2006 मध्ये झीटो खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला, सात वर्षांचे 12 कोटी 60 लाख. एकट्या चावेझला मोठा करार देऊन ठेवलं, आणि बिचाऱ्याची पाठ गेली. क्लबच्या मालकीत छोटा हिस्सा मात्र एकाला मिळाला : बिली बीनला, 2005 मध्ये. ईसॉप कोणाला मिळतात हा प्रश्न तिथेही तसाच सुटला.

त्याच 2005 मध्ये क्लब नव्या मालकांकडे गेला आणि कालांतराने सूत्रं जॉन फिशर याच्या हातात आली. गॅप कपड्यांच्या दुकानांच्या घराण्यातला अब्जाधीश. याच्या हातात 'कमी पैशांत जास्त' ही गोष्ट आयती सापडली. खेळाडू चांगला झाला, विका. लोकांनी तक्रार केली, 'आम्ही छोटी टीम'. स्टेडियम गळकं, 'आम्ही छोटी टीम'. 2023 मध्ये ही टीम 112 मॅच हरली. त्याच वर्षी 13 जूनला चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला : एरवी रिकाम्या असणाऱ्या स्टेडियममध्ये मुद्दाम 27 हजारांवर लोक आले, हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द, 'सेल'. बाबा रे, वीक आणि जा. मालकाने टीम विकली नाही, लास व्हेगासला न्यायची ठरवली.

मी 2024 च्या उन्हाळ्यात काही महिने फ्रीमाँटला होतो. तिथून सॅन फ्रान्सिस्कोला बार्टने जाताना वाटेत कोलिझियम स्टेशन लागतं, तिथल्या मराठी पब्लिकने वर्षानुवर्षं खिडकीतून पाहिलेलं ते करडं काँक्रीटचं वाडगं. एका मंगळवारी मी उतरलो. स्टँड इतके रिकामे की पहिल्या बेसवाल्याने पिचरला मारलेली हाक ऐकू येत होती. शेजारी एक काका, चाळीस वर्षं येणारे. मी उत्साहाने मनीबॉल म्हणालो. ते थोडं हसले आणि म्हणाले, त्या पुस्तकाने आमची वाट लावली, मालकाला सबब मिळाली.

26 सप्टेंबर 2024 ला तिथली शेवटची मॅच झाली. टेक्सासविरुद्ध 3-2 असा विजय, सेहेचाळीस हजारांवर लोक, 1968 पासूनची 57 वर्षं संपली. पुढच्या सीझनपासून टीम सॅक्रामेंटोच्या शेजारी एका मायनर लीगच्या मैदानावर खेळायला गेली, नावातून ओकलंड काढून टाकून. त्या शेवटच्या दुपारी मॅच सुरू होण्याआधी अमेरिकेचं राष्ट्रगीत गायला मैदानावर एक उंच माणूस आला. बॅरी झीटो. 2006 मध्ये क्लबने त्याला सोडलं, त्याला तेव्हा अठरा वर्षं होत आली होती. मालक फिशर त्या आठवड्यात चाहत्यांना एक पत्र पाठवून मोकळे झाले होते.