दलाल निवडताना : वीस रुपये आणि एक सेकंद

शेअर बाजारातील ऑनलाइन दलालांच्या जाहिराती सध्या दोनच शब्दांभोवती फिरतात : स्वस्त आणि झटपट. दोन्ही गुण मोलाचे आहेत. पण सामान्य बचतदाराला ते ज्या मापाने मोजून दाखवले जातात, ते माप त्याच्या फारसे उपयोगाचे नाही, असे माझे मत आहे.

आधी खर्च पाहू. ‘प्रत्येक ऑर्डरला वीस रुपये’ हा दर ऐकायला समतेचा वाटतो. महसुली प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक असते : सर्वांवर सारखी बसवलेली पट्टी सर्वांना सारखी जड होत नाही. २ लाख रुपयांच्या खरेदीवर २० रुपये म्हणजे ०.०१ टक्का, २,००० रुपयांच्या खरेदीवर तेच २० रुपये १ टक्का होतात, आणि दलालीवरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणून ‘वीस रुपये किंवा अमुक टक्के, यांपैकी जे कमी असेल ते’ ही ओळ दरपत्रकात आहे का, हे लहान गुंतवणूकदाराने प्रथम पाहावे. ‘शून्य दलाली’ म्हणजेही शून्य खर्च नव्हे. १ लाखाचे शेअर घेऊन काही दिवसांनी त्याच भावाने विकले, तरी रोखे उलाढाल करापोटी दोन्ही वेळचे मिळून २०० रुपये जातात. खरेदीवर १५ रुपये मुद्रांक शुल्क लागते. बाजाराचे शुल्क आणि विक्रीच्या वेळचा डिमॅट आकार निराळा.

आता वेग. मुंबईत १८७५ मध्ये संघटित झालेल्या बाजारात सौदे तोंडी पुकारून होत. आपला सौदा कोणत्या क्षणी, कोणत्या भावाने झाला, हे ग्राहकाला दलालाच्या शब्दावर मानावे लागे. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरील व्यवहार सुरू केले आणि आधी भाव, मग वेळ असा क्रम संगणकाकडे सोपवला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या सुधारणेचे खरे मोल वेगापेक्षा तिने आणलेल्या नोंदीत दिसते. आज बाजाराच्या आवारातच यंत्रे ठेवणाऱ्या संस्थांशी कोणाचाही मोबाइल स्पर्धा करू शकत नाही, आणि दहा वर्षांसाठी शेअर घेणाऱ्याला त्याची गरजही नाही. ५०० शेअरच्या खरेदीत भाव १० पैशांनी सरकला, तर ५० रुपये जातात, म्हणजे दलालीच्या अडीचपट. पण त्यावरचा उपाय मर्यादा भाव ठरवून ऑर्डर देणे हा आहे, आणि तो फुकट आहे.

बचतदाराला खरी गरज आहे ती भरवशाची. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी खुद्द राष्ट्रीय शेअर बाजार काही तास बंद पडला होता; मग एखाद्या दलालाची यंत्रणा ऐन घसरणीच्या दिवशी अडकणे अशक्य नाही. सेबीने २०२२ मध्ये दलालांच्या तांत्रिक बिघाडांसाठी नियमावली केली, तीत पाच मिनिटांहून अधिक काळचा अडथळाही बिघाड धरला. ही पावले योग्यच आहेत. परंतु बिघाडांची माहिती एकीकडे, तक्रारींची दुसरीकडे आणि दरपत्रक तिसरीकडे, अशी विखुरलेली असेल, तर निवड करणारा जाहिरातीवरच विसंबणार. खाते उघडतानाच्या एका पानावर तीन आकडे सक्तीने छापले जावेत : ५,००० रुपयांच्या खरेदी-विक्रीचा एकूण खर्च, गेल्या वर्षी यंत्रणा बंद राहिलेली मिनिटे आणि प्रलंबित तक्रारी.

गुंतवणूकदाराने स्वतः सावध राहावे, राज्यसंस्थेने किती हात धरावा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्याला उत्तर सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आहे. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक होता. स्वस्त आणि झटपट व्यवहाराची चटक वारंवार व्यवहार करायला लावते, आणि प्रत्येक व्यवहारावर दलाल, बाजार व सरकार या तिघांचीही आवक ठरलेली असते. ज्यांचे उत्पन्न ग्राहकाच्या घाईवर वाढते, त्यांनी त्या घाईची किंमत त्याला आधी लेखी सांगावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.