खूण कोणाची, हुकूम कोणाचा?

एके काळी देशातील कापसाच्या, धान्याच्या आणि गुरांच्या बाजारांत भाव तोंडाने बोलला जात नसे. अडत्या आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांचा हात धरीत आणि कोणते बोट किती वेळा दाबले यावरून दर ठरे. ज्याचा माल, तो शेतकरी दोन पावलांवर उभा असे. पण त्याच्या वर्षभराच्या घामाचे मोल त्या रुमालाखाली काय ठरले, हे त्यालाच सर्वांत शेवटी कळे. वऱ्हाडात १८८६ साली कारंजाचा बाजार नियंत्रणाखाली आला आणि १८९७ साली कापूस व धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. त्या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांचा स्वार्थ होता, कुणब्याचा कळवळा नव्हता. उघड लिलाव हा शेतकऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व रुजण्यास त्यानंतरही अनेक दशके आणि १९६३ चा महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा लागला. हाताची खूण ही निरागस गोष्ट नसते. ती कोणाला कळते आणि कोणाला कळत नाही, यावर सत्ता कोणाची हे ठरते, एवढा धडा या इतिहासातून घेण्याजोगा आहे.

हा धडा आज आठवण्याचे कारण भ्रमणध्वनीच्या नव्या करामतीत आहे. पडद्याला बोटही न लावता, समोरच्या कॅमेऱ्यापुढे केवळ हात हलवून फोन चालविण्याचे तंत्र आता प्रयोगशाळेबाहेर आले आहे. पंजा दाखविला की छायाचित्र निघते, हात फिरविला की पान उलटते. याची सुरुवात आजची नाही. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या प्रणव मिस्त्री या तरुणाने अमेरिकेतील एमआयटीमध्ये २००९ च्या सुमारास गळ्यात अडकविलेला कॅमेरा, लहानसा प्रक्षेपक आणि बोटांवरील रंगीत टोप्या यांच्या साहाय्याने हातवाऱ्यांना हुकमाचे रूप दिले होते. २०१९ मध्ये गूगलने रडारने हाताची हालचाल ओळखणारा पिक्सेल ४ हा फोन काढला. परंतु त्याला लागणारी ६० गिगाहर्ट्झची लहरपट्टी भारतात खुली नसल्याने तो येथे विक्रीस आलाच नाही. त्याच वर्षी त्याच कंपनीने निव्वळ कॅमेऱ्यावर चालणारी एक प्रणाली सर्वांसाठी खुली केली. कॅमेऱ्यातील चित्रात प्रथम तळहात शोधायचा, मग मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत २१ बिंदू निश्चित करायचे आणि त्या बिंदूंच्या मांडणीवरून मूठ, पंजा किंवा वर केलेला अंगठा ओळखायचा, अशी तिची रीत आहे. रडारसाठी महागडे यंत्र लागते. कॅमेरा मात्र आज खेड्यातल्या स्वस्तातल्या फोनमध्येही असतो. म्हणूनच हे तंत्र बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत पोहोचण्यास फार काळ लागणार नाही.

समाजवादी विचाराने यंत्राचा द्वेष कधी केला नाही. खुद्द गांधीजींनीही शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून अपवाद केले होते, कारण ते दमलेल्या हाताविषयीच्या प्रेमातून जन्मले होते. त्याच मापाने या तंत्राकडे पाहिले, तर त्याचे स्वागत करण्यास जागा आहे. कपाशीच्या बोंडाच्या कडांनी टोचलेली, मातीने भरलेली आणि फवारणीच्या औषधाने ओली झालेली बोटे पडद्यावर चालत नाहीत. देऊळगाव राजाच्या परिसरात शेडनेटमध्ये संकरित बियाण्यासाठी फुलाफुलावर हाताने परागण करणाऱ्या बाईला काम थांबवून, हात धुऊन फोन उचलावा लागतो. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याला पडद्यावरील पाट्यांपेक्षा हाताची खूण सोपी. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात निहाली ही जगातील कोणत्याही भाषाकुळाशी नाते न सांगणारी भाषा बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार लोक आहेत. बोलून चालणाऱ्या फोनला मराठी-हिंदी कळेल, निहाली कळणार नाही. हाताला मात्र भाषेची अट नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली. त्यांतील अनेकांना हे तंत्र चैनीचे नसून गरजेचे ठरू शकते.

कर्णबधिरांची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. त्यांची सांकेतिक भाषा म्हणजे केवळ हातवारे नव्हेत. चेहरा, भुवया, खांदे, हालचालीची दिशा आणि गती या साऱ्यांतून तिचे व्याकरण घडते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये १० हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला, यावरून तिच्या विस्ताराची कल्पना यावी. दहा-वीस खुणा ओळखणारा फोन दाखवून कर्णबधिरांचा प्रश्न सुटला असे कोणी सांगू लागले, तर ती फसवणूक होईल. त्या यंत्राच्या आडून दुभाष्याची आणि शिक्षकाची नेमणूक टाळली गेली, तर तो अन्याय होईल.

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे. बुलढाण्याच्या गरिबाला कॅमेऱ्यापुढे खूण करणे नवे नाही. ती तो आजही करतो. फक्त ती हुकमाची खूण नाही. आधारच्या चेहरा-पडताळणीत माणसाला पडद्यापुढे उभे करून डोळे मिचकाविण्यास सांगितले जाते. समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे, याची यंत्राला खात्री पटावी म्हणून ही कसरत. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र काढून पाठविण्याची पद्धत २०२१ मध्ये आली आणि १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर ती बंधनकारक झाली. शेतकऱ्याने आपल्या उभ्या पिकाचे छायाचित्र शेतातूनच काढून नोंदवावे, अशी ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या पोषण आहारासाठी गरोदर आणि स्तनदा मातांची चेहरा-ओळख १ जुलै २०२५ पासून सक्तीची करण्यात आली. शहरातील सुखवस्तू माणूस हात हलवितो, तेव्हा यंत्र त्याचे ऐकते. खेड्यातील मजूर बाई डोळे मिचकाविते, तेव्हा ती यंत्राचे ऐकत असते. कॅमेरा दोन्हीकडे एकच आहे; एकीकडे तो सेवक आहे, दुसरीकडे मुकादम.

यावर सरकारी उत्तर ठरलेले आहे: बोगस हजेरी रोखण्यासाठी हे सारे आवश्यक आहे. खोटी हजेरीपत्रके ही कल्पना नव्हे. हमीवरच्या कामात मृतांच्या आणि परगावी गेलेल्यांच्या नावे पैसे उचलले गेले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण कॅमेऱ्याने ते थांबले काय? केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला जुलै २०२५ मध्ये स्वतःच्या परिपत्रकात मान्य करावे लागले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविली जात आहेत आणि छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी लावली जात आहे. चोराने वाट काढली. अडकला तो प्रामाणिक मजूर, ज्याने दिवसभर माती वाहिली आणि संपर्क तुटल्यामुळे ज्याचे दुसरे छायाचित्र पोहोचले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यातही शरीरखुणांवरून ओळख पटविण्याची तरतूद आहे. ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून कामाचा हक्क देशापुढे ठेवला, त्या महाराष्ट्रातील मजुराला आपण जिवंत असल्याची साक्ष यंत्रापुढे द्यावी लागते, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

यंत्राने नाकारले तर चूक कोणाची, हाही प्रश्न आहे. श्रमाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, हे रास्त भाव दुकानापुढच्या रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येकास माहीत आहे. म्हणजे ज्याने जितके अधिक कष्ट केले, त्याची ओळख तितकी पुसट! आता बोटांच्या ठशाकडून चेहऱ्याकडे आणि चेहऱ्याकडून हाताच्या खुणेकडे ही वाटचाल चालू आहे. यंत्र हात ओळखावयास शिकते ते हजारो हातांची चित्रे पाहून. ते हात कोणाचे होते? अमेरिकेतील जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत एका टक्क्याहूनही कमी असलेली चूक काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलेली त्यांना आढळली. यंत्राला द्वेष नव्हता. त्याला ते चेहरे पुरेसे दाखविलेच गेले नव्हते. उन्हाने रापलेला, भेगाळलेला, कोपरापर्यंत बांगड्या ल्यालेला किंवा सोयाबीनच्या मळणी यंत्रात दोन बोटे गमावलेला हात या २१ बिंदूंच्या हिशेबात बसतो की नाही, याची तपासणी विक्रीपूर्वी व्हावयास हवी. रांगेत उभ्या असलेल्या माणसावर नव्हे.

मळणी यंत्राचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. शक्तीवर चालणारी मळणी यंत्रे खेड्यांत आली आणि शेतमजुरांचे हात त्यांत जाऊ लागले, तेव्हा प्रथम दोष मजुराच्याच निष्काळजीपणाला दिला जाई. १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. अशा यंत्रांच्या उत्पादनावर आणि विक्रीवर त्याने नियम घातले, तसेच मृत्यू वा इजा झाल्यास भरपाईची तरतूद केली. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय. पण यंत्रामुळे हात गेला तर जबाबदारी हात गमावणाऱ्याची नव्हे, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले. जे यंत्र बोट तोडीत नाही, परंतु बोटाची खूण नाकारून शिधा, मजुरी किंवा निवृत्तिवेतन तोडते, त्याला हेच तत्त्व लागू होऊ नये काय?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हाताची खूण टिपण्यासाठी कॅमेऱ्याला सतत पाहत राहावे लागते. त्याच्यापुढे केवळ हात नसतो. घर असते, चूल असते, मुले असतात. हे चित्र फोनमध्येच तपासून तेथेच पुसले जाते की दूरच्या कोठारात साठते, यावर सारे अवलंबून आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण त्यातून आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे राखून ठेवला आहे. कुंपणालाच शेताची मोकळीक दिल्यावर राखण कोणी करावी?

यातून मार्ग दाखविणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत करण्याचे आंदोलन केले आणि पोषणाच्या नोंदीचे ॲप मराठीतून असावे, अशी मागणी केली. त्या यंत्राला घाबरल्या नव्हत्या. काम करणाऱ्याला कळणारी भाषा आणि काम करू शकणारे साधन हवे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. यंत्राचा स्वीकार अटींवर करावा लागतो, हे त्या सेविकांनी पक्षांच्या पुढाऱ्यांआधी ओळखले.

त्या अटी आज स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. कोणताही हक्क केवळ कॅमेऱ्याच्या होकारावर अवलंबून नसावा. यंत्र अडले तर साध्या वहीतील नोंद आणि गावातील साक्ष पुरेशी मानावी. यंत्राने नाकारल्यास त्याचे कारण मराठीत लिहिलेली पावती त्या माणसाच्या हाती पडावी. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक प्रणालीची चाचणी श्रमिकांच्या, वृद्धांच्या आणि दिव्यांगांच्या हातांवर व्हावी आणि तिचे निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावेत. खुणेने फोन चालविण्याची सोय ज्याला हवी त्याला मिळावी, पण ती कोणावर लादू नये; आणि हाताचे चित्र फोनबाहेर जाऊ नये. बोगस हजेरीला उत्तर हवे असेल, तर ते ग्रामसभेच्या सामाजिक अंकेक्षणात आहे. गावातील कोण कामावर होते हे गावाला माहीत असते. ते विचारण्याची तयारी मात्र हवी.

हे काम निवेदनाने होणारे नाही. मेहकर, लोणार, संग्रामपूर, जळगाव जामोद येथील कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक दिवस रास्त भाव दुकानापुढे, अंगणवाडीच्या दारी आणि कामाच्या जागी उभे राहावे. यंत्राने किती जणांना परत पाठविले, का पाठविले, त्यांना पुन्हा किती खेपा घालाव्या लागल्या, याची नोंद गाववार ठेवावी आणि ती तहसीलदारापुढे उघड मांडावी. ज्याची खूण यंत्राला कळली नाही, त्याच्या बाजूने बोलणारे माणूस त्या ठिकाणी हजर असले पाहिजे. शेतकऱ्याचा भाव ठरविणारा रुमाल आपोआप बाजूला झाला नव्हता; तो बाजूला करावा लागला. आज तो रुमाल काचेचा झाला आहे. आतली बोटे दिसल्याचा भास होतो, पण सौदा अजूनही आतच ठरतो.