घर बदलले, घराणे नाही

गेल्या महिन्यात माझा एक शिष्य सहा वर्षांची तालीम सोडून दुसऱ्या गुरूंकडे गेला. मी त्याला कृतघ्न म्हणालो. त्या रात्री झोप येईना, आणि आठवण झाली ती कोणा गवयाची नव्हे, तर तुलसीदास बलराम या फुटबॉलपटूची.

सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या खेड्यात १९३६ साली बलराम जन्मले. घरची गरिबी होती. आपल्या शहरातील सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. त्यांनी घडविलेल्या सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. या रहीमसाहेबांच्या नजरेत हा पोरगा भरला. सरावाला येण्यास पैसे नाहीत, म्हणून त्यांनी त्याला सायकल मिळवून दिली असे सांगतात. आमच्याकडे यालाच गंडा बांधणे म्हणतात!

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या संघात बलराम होते. १९५६-५७ साली हैदराबादने संतोष करंडक जिंकला, त्यातही ते होते. आणि १९५७ मध्ये ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. १९५८-५९ साली तोच करंडक त्यांनी बंगालसाठी जिंकला. मग त्यांना बेइमान म्हणावे काय?

१९६० च्या रोममध्ये हंगेरी व पेरू यांच्याविरुद्ध त्यांनी गोल केले. १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळाले, तेव्हा मार्गदर्शक रहीमसाहेबच होते. अंगावरचा सदरा कोणत्याही संघाचा असो, चाल गुरूचीच होती. पुढल्याच वर्षी गुरू गेले, आणि फुप्फुसाच्या आजाराने शिष्याचाही खेळ ऐन सत्ताविशीच्या सुमारास थांबला.

माझे वडील दरबारी गवई. संस्थान गेले, तेव्हा ते दुसऱ्या आश्रयाला गेले. लोक बोलले. मी त्यांचे उतारवयातील अपत्य, एकदा धीर करून विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अरे, मी मालक बदलला, षड्ज नाही बदलला."

निष्ठा एकतर्फी मात्र नसते. ज्या क्लबासाठी बलराम यांनी उमेदीची वर्षे वेचली, त्याच्याविषयी अखेरीस त्यांच्या मनात कटुता होती, आणि ती त्यांनी लपविली नाही. खेळाडूने जन्मभर आपले म्हणावे अशी अपेक्षा आपण करतो. त्याचे पाय थकल्यावर त्याला आपले म्हणणारे किती? १६ फेब्रुवारी २०२३ रोजी ते गेले. हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध काढला होता. परवा मी माझ्या वर्गात त्यांचे नाव विचारले. एकही हात वर झाला नाही.

हा दोष मुलांचा नाही. गंडा बांधणारे शहर आपले, तर आठवण सांभाळण्याचे ऋणही आपलेच. वाचकांपैकी ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांनी ते सामने पाहिले असतील, त्यांनी ते नातवंडांना सांगावेत.

माझ्यापुरते म्हणाल, तर काल त्या शिष्याच्या घरी जाऊन आलो. तो गायला बसला होता. राग नव्या गुरूंचा होता. पण स्वर लावण्याची रीत माझ्या वडिलांची होती. मी दारातच उभा राहिलो आणि 'कृतघ्न' हा शब्द मनोमन परत घेतला.