टर्बोचा पाईप फाटला की हंगाम अडतो. बाहेरचा पाईप बसवताना काय बघायचं?

नांदेड/लातूर : अर्धापूरची केळी असो, लातूरच्या बाजारात जाणारं सोयाबीन असो की कारखान्याचा ऊस, आपला माल आता डिझेल पिकअप आणि ट्रॅक्टरच्या जिवावरच हलतो. या गाड्यांमधली एक तक्रार गॅरेजवर वारंवार ऐकू येते. "गाडी ओढतच नाही, काळा धूर मारते, फुस्स आवाज येतो." बऱ्याच वेळा दोष इंजिनात नसतो, तर टर्बोच्या हवेच्या पाईपात असतो. कंपनीचा पाईप मिळाला नाही की बाहेरचा सिलिकॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा बसवला जातो. हे करावं की नाही, आणि करायचं तर कसं, हे नीट समजून घेण्याची वेळ आली आहे.

पाईपाचं काम काय?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. दाबलेली हवा तापते, १०० अंशांच्याही वर जाते. ती थंड करायला पुढे इंटरकूलर असतो. टर्बो ते इंटरकूलर हा गरम बाजूचा पाईप आणि इंटरकूलर ते इंजिन हा थंड बाजूचा. बहुतेक गाड्यांत हे पाईप रबर आणि प्लास्टिकचे असतात.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यामुळे आज रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या नव्या डिझेल पिकअपला टर्बो आहे. ट्रॅक्टरचं तसं नाही. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून नवे धूर नियम लागू झाले, पण त्याखालच्या अनेक ट्रॅक्टरांना टर्बोच नाही. म्हणून आधी आपल्या गाडीला टर्बो आहे का, हे बघा.

आपल्याकडे पाईप लवकर का जातो?

एक, उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की बोनेटखाली भट्टीच असते. दोन, भार. अहमदपूरकडचा बालाघाटाचा चढ भरल्या गाडीने चढताना टर्बो पूर्ण दाबावर चालतो. तीन, तेल. इंजिनाच्या श्वासनळीतून तेलाची वाफ पाईपात येते, रबर मऊ पडून फुगतं. चार, शिवाररस्ते. खड्ड्यात इंजिन हलतं, क्लिप सैल होते, पाईप कुठंतरी घासतो.

पाईप फाटला की इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल पूर्ण जळत नाही. म्हणून काळा धूर आणि ओढ कमी. बीएस-६ गाडीत हा धूर सायलेन्सरमधल्या जाळीत, म्हणजे डीपीएफमध्ये, साचतो. म्हणजे पाईपाचा छोटा खर्च टाळायला गेलं की मोठा खर्च अंगावर येतो. "चालतंय तोवर चालवू" हा हिशेब इथं उलटा पडतो.

बाहेरचा पाईप : चांगला कोणता, फसवा कोणता?

बाहेरचा म्हणजे वाईटच असं नाही. चांगला ॲल्युमिनियम पाईप प्लास्टिकसारखा तडकत नाही. चांगला सिलिकॉन पाईप उष्णता जास्त सोसतो. पण साधा सिलिकॉन तेलात टिकत नाही. गरम बाजूला आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेलाच पाईप लागतो. नुसता निळा-लाल रंग बघून घेऊ नका, दुकानदाराला हे विचारा. ॲल्युमिनियम पाईपाच्या टोकाला उंचवट्याची कडा पाहिजे. ती नसेल तर दाबाने जोड निसटतो.

"पाईप बदलला की गाडीची ताकद वाढते" असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फाटलेला पाईप बदलला की गेलेली ओढ परत येते, एवढंच. नुसत्या पाईपाने पिकअपचा ट्रक होत नाही.

बसवताना मिस्त्रीसमोर उभं राहा

- इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करा.
- जुना पाईप काढल्यावर टर्बोच्या आणि इंटरकूलरच्या तोंडाला स्वच्छ फडकं लावा. खडा किंवा नट आत गेला तर टर्बोचं किंवा इंजिनाचं नुकसान ठरलेलं. बसवताना फडकं काढलं का, हे स्वतः बघा.
- आत तेलाचा पातळ थर असणं साधारण आहे. तेल साचून ओघळत असेल तर दोष टर्बोत किंवा श्वासनळीत आहे. तो काढल्याशिवाय नवा पाईपही टिकणार नाही.
- जोडाच्या जागा पुसून कोरड्या करा. ग्रीस लावून पाईप सरकवू नका, नंतर तो निसटतो.
- सेन्सर असेल तर तो जुन्या जागीच, नव्या रबरी रिंगसह बसवा.
- गरम बाजूला साध्या पट्टीच्या क्लिपपेक्षा बोल्टचा रुंद क्लॅम्प बरा. क्लॅम्प कडेच्या उंचवट्यामागे बसला पाहिजे. फार आवळला तर रबर कापतं.
- पाईप पंखा, बेल्ट किंवा सायलेन्सरला लागत नाही ना, हे गाडी रेस करून बघा.
- जोडावर साबणाचं पाणी टाकून रेस द्या. बुडबुडे आले की गळती आहे.
- १००-२०० किलोमीटर चालल्यावर, इंजिन थंड असताना क्लॅम्प पुन्हा तपासा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल चालणार नाही, असं सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही.

त्याच मापाचा पाईप त्याच जागी बसवणं ही दुरुस्ती झाली. पण पाईपासोबत टर्बोचा दाब वाढवणं, कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, डीपीएफ काढून टाकणं ही दुरुस्ती नव्हे. यात दंड आहेच, शिवाय अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरचा पाईप लावण्याआधी शोरूमला विचारा.

खरा प्रश्न सुट्या भागांचा

शेतकरी हौसेनं बाहेरचा माल घेत नाही. केळी कापलेली असते, उसाची टोळी फडात थांबलेली असते. अशा वेळी कंपनीचा पाईप चार दिवसांनी येणार असेल तर माणूस जवळच्या दुकानातच जाणार. गाडी विकताना गावोगाव मेळावे घेणाऱ्या कंपन्यांनी हंगामात तालुक्याच्या ठिकाणी पाईप, क्लॅम्प यासारखे नेहमी लागणारे भाग ठेवले पाहिजेत. ही मागणी शेतकरी संघटनांनीही लावून धरावी.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे, पक्कं बिल. त्यावर गाडीचा नंबर, पाईपाचा प्रकार आणि तारीख लिहून घ्या. पाईप आठ दिवसांत फाटला आणि दुकानदाराने हात वर केले, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. बिल नसेल तर ती तक्रार टिकवणं अवघड जातं. हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा बोनेट उघडा, पाईपावरून हात फिरवा. मऊ लागला, फुगलेला दिसला किंवा चीर दिसली तर तो घरीच बदला, भरल्या गाडीने घाटात थांबण्यापेक्षा ते कधीही स्वस्त.