चौकटीमागचं नाव

परवा नारायणगावला धाकट्या बहिणीकडे गेले होते. पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून भिंतीवरच्या तसबिरी उतरवून पुसणं चाललं होतं. त्यांत दोसुतीवर फुलीच्या टाक्यांनी भरलेला एक देखणा मोर निघाला.

“हा कुणी भरला गं?” मी विचारलं.

“घरातलंच कुणीतरी, ताई. आमच्या सासूबाईंना ठाऊक होतं.”

सासूबाई आता नाहीत. चौकट उलटून पाहिली, तर मागे चौकटवाल्या दुकानाची चिठ्ठी शाबूत! टाके घालणारीचं नाव मात्र कुठेच नाही.

मला जुन्नर तालुक्यातल्याच हिवऱ्याची आठवण झाली. इंग्रजी अमदानीत तिथे औषधी वनस्पतींची सरकारी बाग होती. ती पाहत असत डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. हे स्कॉटलंडचे. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बागही १८३८ पासून त्यांच्याकडेच होती, आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगर बोडके झाले की पाणी आटतं, हे त्यांनी त्या काळी सरकारच्या कानी घातलं होतं.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सनसाहेबांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेच्या वर रंगीत चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. दापोडीला इंग्रज ‘दापुरी’ म्हणत, म्हणून ती ‘दापुरीची चित्रं’. २००२ साली त्यांच्यावर पुस्तकही निघालं.

म्हणजे पाहा, साहेबांचं नाव राहिलं, गावाचं राहिलं, झाडापानांचीही राहिली. ज्याच्या हातून ती पानं-फुलं कागदावर उतरली, त्याचं मात्र राहिलं नाही. ‘पोर्तुगीज-हिंदी चित्रकार’ एवढीच त्याची ओळख!

मैत्रिणींनो, तो चित्रकार तर परक्याच्या नोकरीत होता. आपल्या घरात तरी असं का व्हावं? यंदा तसबिरी उतरवाल तेव्हा एवढं करा :

● चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, काम कुणाचं, कोणत्या साली, कुठे केलं, ते मऊ पेन्सिलीने लिहा. फोटोवर किंवा चित्रावर बॉलपेन चालवू नका, शाई उमटते.

● नवं भरतकाम असेल तर चौकटीत घालण्याआधी कोपऱ्यात दोऱ्यानेच नाव आणि साल घाला.

● काचेवर पाणी ओतू नका. ओलसर फडकं घट्ट पिळून पुसा, मग कोरडं फिरवा.

● ओल येणाऱ्या किंवा ऊन पडणाऱ्या भिंतीवर तसबीर नको. खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळते.

● घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. उद्यावर टाकू नका.

बहिणीने त्याच संध्याकाळी आळंदीला राहणाऱ्या आत्तेसासूबाईंना फोन लावला. त्या क्षणभर थांबल्या नि म्हणाल्या, “अगं, तो मोर माझ्या थोरल्या वहिनीचा!” बहीण लगेच पेन्सिल शोधायला उठली.