रक्ताची चिठ्ठी निघण्याआधी

आमच्या सोलापूरकडे बाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन सुगीच्या हिशेबाने ठरतं. वळसंग असो की कुंभारी, अंगावरून जास्त जातंय म्हणून बाई डॉक्टरांना दाखवून येते, डॉक्टर पिशवी काढू म्हणतात आणि घर ठरवतं: ज्वारीची काढणी होऊ दे, पोराची परीक्षा होऊ दे, मग बघू. या दोन-तीन महिन्यांत तिच्या रक्ताकडे कोणी बघत नाही. भरतीच्या दिवशी हिमोग्लोबिन सात निघतं आणि नवऱ्याच्या हातात चिठ्ठी येते, दोन बाटल्यांची सोय करा.

मग पळापळ. खिशात नमुन्याची ट्यूब, हातात फॉर्म, बरोबर मेहुणा. वळसंगहून वीस-पंचवीस किलोमीटरवर सोलापूर. मे महिना असेल तर कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं थंड. कधी रक्तपेढीवालेच विचारतात, ‘बदल्यात कोण देणार?’ मेहुणा बाही वर करतो. मेहुण्याबद्दल तक्रार नाही, पण यातल्या बहुतेक बाटल्या लागायलाच नको होत्या.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा 48 होता. म्हणजे ऑपरेशनला येणाऱ्या बाईचं रक्त कमी असणं हा अपघात नव्हे, ते धरूनच चालायला हवं. ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी हिमोग्लोबिन तपासलं तर पुढचं गणित साधं आहे. रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने चढतं. नियमाने घेतलेल्या लोहाच्या गोळ्या तेवढं काम तीन-चार आठवड्यांत करतात. गोळ्यांनी मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून बाया त्या मधेच सोडतात, हे खरं. त्यांच्यासाठी शिरेतून द्यायचं लोह आहे. जोडीला अंगावरून जाणं कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या गोळ्या डॉक्टर देऊ शकतात, नाहीतर भरलेलं सगळं गळत राहतं. हे औषध 1962 साली जपानच्या ओकामोटो दांपत्याने पुढे आणलं. तेच आता शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून देतात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, साडेनऊ हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याने मोठा रक्तस्राव सुमारे पाव हिश्श्याने कमी केला. गुठळ्यांचा त्रास असलेल्यांना ते जपून द्यावं लागतं, म्हणून मनाने घ्यायचं औषध हे नव्हे.

दुसरी खोड दोन बाटल्यांची. एक लावावी, पुन्हा तपासावं, गरज असेल तरच दुसरी, हे पुस्तकात आहे. पण नातेवाइकांना दोन आणायला सांगितलेल्या असतात आणि आणलेलं परत कोण करतो? कॅनडातल्या, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या 838 रुग्णांवर हे ताडून पाहिलं होतं. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेल्यावर रक्त दिलेल्यांपेक्षा सातपर्यंत थांबलेल्यांत मृत्यू वाढले नाहीत. हृदयाच्या रुग्णाला जरा वरची रेषा लागते. ‘रक्त चढवलं की ताकद येते’ ही समजूत मात्र दवाखान्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियाने 2008 पासून हे सारं धोरण म्हणून राबवलं. चार मोठ्या रुग्णालयांत सहा वर्षांत दर भरतीमागे लागणारं रक्त 41 टक्क्यांनी उतरलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सगळ्या देशांना याच वाटेने जायला सांगितलं. अपघातात किंवा बाळंतपणात धो-धो रक्त गेलं तर बाटलीला पर्याय नाही, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर काही आठवड्यांनी ती लागतेच. वाचलेली पिशवी त्यांच्या कामी येईल.

एखादा सर्जन म्हणेल, महिनाभर थांबा म्हटलं तर पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जाईल. जाईलही. पण थांबायला सांगायची गरज किती जणींना पडते? बाई सुगीसाठी थांबलेलीच आहे.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर बाईचं रक्त फारच कमी असेल तर शिरेतून लोह देण्याची सोय आहे. बेचाळिशीतल्या, विड्या वळणाऱ्या किंवा शेतावर जाणाऱ्या बाईच्या वाट्याला कागदावर आठवड्याला एक गोळी. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत अशा किती जणी असतील! आशाताईंच्या वहीत गरोदर बाईची नोंद असते, ऑपरेशनची तारीख धरून बसलेल्या बाईची नसते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने त्या वहीत एक रकाना वाढवावा: ऑपरेशन कधी, आजचं हिमोग्लोबिन किती, गोळ्या कधी सुरू केल्या. आशाताईंवर आधीच कामाचा ढीग आहे, म्हणून या रकान्याचा मोबदलाही वेगळा द्यावा. दोन पिशव्यांच्या खर्चापुढे तो किरकोळच निघेल.